सातातली चार

“आमच्या कुत्रीला सात पिल्लं झाली होती, आता चार आहेत. अकराव्या दिवशी पांढऱ्या दोऱ्याचं पिल्लू रात्रभर रडत राहिलं, आचळ तोंडात धरेना, सकाळी गार पडलेलं होतं. दोन दिवसांनी एकाच रात्रीत आणखी दोन गेली. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, विष्ठा तपासली, तिच्यात काही निघालं नाही. ‘नक्की काय ते सांगता येत नाही’ म्हणाले. आम्ही तिघांनाही पुरलं. उरलेली आज १९ दिवसांची आहेत. त्यातल्या पिवळ्या दोऱ्याच्या पिल्लाचं वजन दोन दिवस वाढलेलं नाही. आई ठणठणीत आहे, खाते, दूधही आहे. पहिल्या आठवड्यात माझ्या मुलाने मित्रांना पिल्लं दाखवायला आणलं होतं, एकाचा कुत्राही सोबत होता. मुलगा बारा वर्षांचा आहे, रोज विचारतो, माझ्यामुळे मेली का? नवरा म्हणतो, निसर्गावर सोडून दे. मी दर तासाला उठून त्यांचे श्वास बघते. हा कोणता आजार आहे? माझं कुठे चुकलं?”

ताई,

तुमचं पत्र सदराच्या तारखेपर्यंत बाजूला ठेवण्यासारखं नव्हतं. पिवळ्या दोऱ्याच्या पिल्लाबद्दल मी त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवलं. ते इथे पुन्हा लिहिते, कारण आज रात्री आणखी कुणाच्या तरी मांडीवर असंच एक पिल्लू असेल आणि त्या माणसाला सगळ्यात आधी हेच हवं असेल. आजाराच्या नावाचं नंतर बघू.

पिल्लाचं तापमान घ्या. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. टोकाला थोडं व्हॅसलीन लावून गुदद्वारात जेमतेम एक सेंटिमीटर सरकवायचा. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पिल्लाचं तापमान साधारण ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असतं, तिसऱ्या आठवड्यात ३६ ते ३८ च्या आसपास. म्हणजे मोठ्या कुत्र्यापेक्षा कमीच. पण आकडा ३५ च्या खाली असेल, तर एक थेंबही दूध पाजू नका. लोक इथेच फसतात. पिल्लू मलूल दिसलं की आपला हात आधी दुधाच्या बाटलीकडे जातो. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं जवळजवळ थांबलेलं असतं. पाजलेलं दूध पोटात तसंच पडून आंबतं, पोट फुगतं, किंवा दूध वर येऊन फुफ्फुसात शिरतं. भुकेने गेली असं ज्यांच्याबद्दल लोक सांगतात, त्यातली काही पिल्लं खरं तर पाजल्यामुळे गेलेली असतात. आधी ऊब, मग दूध.

आणि ऊब सावकाश द्यायची. एक ते तीन तास लागले तरी चालतील. सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमच्या कपड्यांच्या आत, छातीला लागून. नाहीतर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, पिल्लाला दर थोड्या वेळाने कुशीवरून कुशीवर वळवा. हीटिंग पॅडवर थेट ठेवलेलं अशक्त पिल्लू बाजूला सरकू शकत नाही आणि भाजतं. तापमान ताबडतोब वर आणायच्या घाईत अंगातलं पाणी आटतं आणि पिल्लू हातचं जातं. हे चालू असताना साखरेच्या किंवा ग्लुकोजच्या पाण्याचे दोन-तीन थेंब बोटाने हिरड्यांना चोळा. इतक्या लहान जिवाकडे साठवलेली साखर फार कमी असते, काही तास दूध चुकलं तरी ती संपते आणि मग दूध ओढायचंही त्राण राहत नाही.

गार पडणं, अंगातलं पाणी कमी होणं, रक्तातली साखर उतरणं. मूळ आजार कोणताही असो, पिल्लू बहुतेक वेळा या तिघांपैकी कशाने तरी जातं. म्हणून तुमच्या डॉक्टरांना आजाराचं नाव सांगता आलं नाही याचा अर्थ हातात काहीच नाही असा होत नाही, ताई. नाव नसतानाही ही तीन कामं ठरलेली आहेत आणि ती आज करता येतात.

तोंडात बोट घातल्यावर पिल्लू चोखतंय असं दिसलं तरच त्याला पाजा. पोटावर ठेवून, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीच नाही. आईचं दूध पुरत नसेल तर कुत्र्यांच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणा. गायीच्या दुधापेक्षा कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं दुपटीहून जास्त असतात, त्यामुळे नुसत्या गायीच्या दुधावर पिल्लू पोट भरूनही उपाशी राहतं.

आता वजन. तुम्ही दोरे बांधलेत आणि रोज वजन करता, हे वाचून मला बरं वाटलं. पिवळ्याचं बिनसलंय हे तुम्हाला कळलं ते त्यामुळेच. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी थोडी घट चालते. त्यानंतर पिल्लाने रोज जन्मवजनाच्या ५ ते १० टक्के वाढायला हवं, आणि साधारण दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, जन्मवजनाच्या दुप्पट व्हायला हवं. रडणं, सुस्ती, जुलाब हे सगळं दिसण्याच्या आधी वजन अडतं. एक दिवस अडलं तर लक्ष ठेवायचं, दोन दिवस अडलं तर डॉक्टर गाठायचे. उरलेल्या चौघांचं वजन आता दिवसातून दोनदा करा, ग्रॅममध्ये, आणि प्रत्येकाचं वेगळं लिहा. घरातल्या एकाच माणसाने, एकाच काट्यावर.

आता तुमचा प्रश्न. हा कोणता आजार आहे?

पत्रावरून मी निदान करणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांच्या ‘सांगता येत नाही’चा तुम्हाला राग आलेला दिसतो, म्हणून त्यांच्या बाजूने थोडं बोलते. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाकडे आजारपण दाखवायचे मार्गच मोजके असतात. ते रडतं, दूध सोडतं, गार पडतं, भावंडांच्या ढिगातून बाजूला जाऊन एकटं पडतं. जंतुसंसर्ग असो, विषाणू असो, जंत असोत, हृदयाचा जन्मजात दोष असो, बाहेरून सगळं सारखंच दिसतं. मोठ्या कुत्र्यात जे चित्र तीन-चार दिवसांत उलगडतं, ते पिल्लात बारा तासांत आटोपतं. तपासायला वेळच मिळत नाही. ‘माहीत नाही’ असं तोंडावर सांगणारा डॉक्टर, उगाच एक नाव देऊन मोकळा होणाऱ्या डॉक्टरपेक्षा बरा.

हे मी स्वतःला दुखवून शिकले आहे. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हा माझ्याकडे तीन आठवड्यांची पाच पिल्लं आणली होती. सगळी निस्तेज, विष्ठा काळपट. विष्ठा तपासली, जंतांची अंडी नव्हती. मी घरच्यांना सांगून टाकलं, विषाणू आहे, फार काही करता येणार नाही. दोन गेली. तिसरं गेलं तेव्हा माझ्या वरिष्ठ डॉक्टरांनी त्याचं शवविच्छेदन करायला लावलं. आतडं उघडलं तर आत बारीक अंकुशकृमी भिंतीला चिकटून रक्त पीत होते. हे जंत आईच्या दुधातून पिल्लात येतात. विष्ठेत त्यांची अंडी दिसायला लागण्याच्या आधीच पिल्लाचं रक्त संपलेलं असू शकतं, म्हणजे माझी तपासणी बरोबर होती आणि निष्कर्ष चूक. पिल्लांच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या आणि मी त्या नीट बघितल्याच नव्हत्या. उरलेल्या दोघांना जंताचं औषध आणि रक्त दिलं, ती वाचली. ती तीन पिल्लं मला अजून आठवतात.

म्हणून विष्ठेत काही निघालं नाही यावर तुम्ही थांबू नका. आत्ता चौघांच्याही हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढऱ्या किंवा करड्या असतील तर आजच डॉक्टरकडे. आणि जंताचं औषध दिलंय का, हे तुमच्या पत्रात नाही. ते पिल्लांना दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर दोन आठवड्यांनी वजनानुसार द्यायचं असतं, त्याच वेळी आईलाही. आजारी पिल्लाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पिल्लं कितव्या दिवशी आजारी पडली, यातही बराच अंदाज दडलेला असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांतले मृत्यू बहुधा अवघड बाळंतपणाचे, गारठ्याचे, जन्मजात व्यंगाचे किंवा चीक न मिळाल्याचे असतात. चिकातून येणारं संरक्षण पिल्लाचं आतडं पहिल्या २४ तासांतच शोषून घेऊ शकतं, त्यातही पहिले काही तास सगळ्यात मोलाचे. नाळेतून जंतू शिरून रक्तात पसरले तर पोट फुगतं, पोटाची कातडी लालसर-निळी दिसते. पार्व्हो विषाणूमुळे होणारे उलट्या-जुलाब बहुधा आणखी पुढचे, सहा आठवड्यांनंतरचे, आईकडून आलेलं संरक्षण ओसरलं की मग.

तुमची पिल्लं अकराव्या ते तेराव्या दिवशी गेली. रात्रभर रडणं, दूध सोडणं, एक-दोन दिवसांत मृत्यू, आणि आई मात्र अगदी ठणठणीत. हे वाचून माझ्या मनात जी शक्यता सगळ्यात आधी आली ती कुत्र्यांच्या हर्पीस विषाणूची. रक्तात पसरलेला जंतुसंसर्गही असाच दिसू शकतो, म्हणून याला शक्यताच म्हणा. मोठ्या कुत्र्यांत हा विषाणू साध्या सर्दीसारखा येऊन जातो, पुष्कळदा काहीच जाणवत नाही, आणि नंतर तो अंगात कायमचा दबा धरून बसतो. पिल्लांना तो पहिल्या तीन आठवड्यांत मारतो, आणि त्यामागे तापमान आहे. हा विषाणू ३५-३६ अंशांना जोमाने वाढतो आणि मोठ्या कुत्र्याच्या अंगातल्या ३८-३९ अंशांना त्याची वाढ मंदावते. नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही, पहिल्या आठवड्यात तर ते कुडकुडतही नाही, म्हणजे विषाणूला हवी तीच ऊब त्याला आयती मिळते. तीन आठवडे झाले की पिल्लू स्वतःला गरम ठेवू लागतं आणि मग तोच विषाणू बहुतेकांना फारसा त्रास देत नाही.

परवा तुमची पिल्लं २१ दिवसांची होतील. हा आकडा मी मुद्दाम सांगते आहे. हर्पीस असेल तर या चौघांची सगळ्यात धोक्याची वेळ सरत आली आहे, आणि त्यांची जागा उबदार ठेवणं हे त्यांच्यासाठी औषधाइतकंच आहे. जागा एका बाजूला गरम आणि दुसऱ्या बाजूला जरा कमी गरम ठेवा, म्हणजे जास्त झालं तर ती सरकू शकतील. सगळी एकमेकांवर चढून बसली असतील तर गार आहे. लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर जास्त गरम आहे. आधीच खूप आजारी झालेल्याला ऊब वाचवेलच असं मी म्हणणार नाही, पण जी अजून बरी आहेत त्यांना तिचा उपयोग होतो.

तपासणी अजूनही करता येते. पिवळ्याच्या नाकातल्या स्रावाचा नमुना पीसीआर चाचणीला, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधायला, पाठवता येतो. आईचं रक्त आज एकदा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा घेऊन प्रतिपिंडं वाढली का ते बघता येतं. डॉक्टरांना नेमकं हे विचारा. ‘काही तपासणी आहे का’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम मिळतं.

आता एक अवघड गोष्ट. ती आत्ताच सांगते, कारण ती वेळ आली तर तेव्हा तुम्हाला काही सुचणार नाही. यापुढे एखादं पिल्लू गेलं, तर त्याला लगेच पुरू नका. दोन पिशव्यांत नीट बांधून फ्रिजमध्ये ठेवा, गोठवायच्या कप्प्यात नाही. गोठवलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. २४ तासांच्या आत डॉक्टरांकडे किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शवविच्छेदनाला पोहोचवा. हर्पीस असेल तर मूत्रपिंडांवर रक्ताचे ठिपके इतके स्पष्ट दिसतात की अनुभवी डोळ्याला तिथेच शंका येते. फुफ्फुसात दूध असेल, आतड्यात जंत असतील, हृदयाच्या भिंतीत भोक असेल, ते सगळं त्या एका पिल्लात मिळू शकतं. जिवंत असताना जे पिल्लू सांगू शकलं नाही ते त्याच्या भावंडांच्या कामी येतं. तुम्ही तिघांना पुरलंत त्याची खंत करू नका, आणि ती जागा पुन्हा उकरू तर मुळीच नका. तेव्हा तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

काही वेळा शवविच्छेदनातूनही लगेच नाव मिळत नाही, हेही खरं. १९८४ मध्ये नॉर्वेत बॉक्सर जातीच्या काही पिल्लांच्या आजाराची नोंद झाली. मागचे पाय लुळे पडत चालले होते. मेंदूत आणि स्नायूंत एक परजीवी दिसला, पण ओळखीच्या कुठल्याच नावात तो बसेना. १९८८ मध्ये त्याला निओस्पोरा कॅनिनम हे नाव मिळालं. पार्व्होचंही तसंच. १९७८ च्या सुमारास जगभर पिल्लं पटापट मरू लागली आणि कुणाला काही कळेना. पुढे युरोपात त्याआधी जपून ठेवलेले कुत्र्यांच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा लक्षात आलं की हा विषाणू निदान १९७४ पासून फिरत होता. कुणीतरी नमुना जपला होता म्हणून ते कळलं. तुमच्या डॉक्टरांनाही सांगा, नमुना घेतलात तर थोडा राखून ठेवा.

मुलाचं बोलू या. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात जास्त हेच लागलं.

त्याला ‘छे, तुझा काही संबंध नाही’ असं म्हणू नका. बारा वर्षांच्या मुलाला खोटं कळतं, आणि मग तो एकटाच त्याचा विचार करत बसतो. खरं असं आहे: बाहेरून आलेल्या कुत्र्यासोबत एखादा विषाणू येऊ शकतो, म्हणून पिल्लांपासून पहिले तीन आठवडे बाहेरची कुत्री लांब ठेवायची असतात. आणि हेही तितकंच खरं की हर्पीस असेल तर तो त्यांच्या आईच्याच अंगात वर्षानुवर्षं झोपलेला असू शकतो आणि बाळंतपणाच्या ताणात जागा झालेला असू शकतो. यातलं काय घडलं हे आज कुणालाही सांगता येणार नाही. त्याला हे दोन्ही सांगा, याच शब्दांत. आणि हेही सांगा की बाहेरची कुत्री लांब ठेवायची हा नियम त्याला मोठ्यांनी सांगितलेला नव्हता. आनंदाची गोष्ट मित्रांना दाखवावीशी वाटणं हा गुन्हा नाही.

मग त्याला एक काम द्या. वजनाची वही त्याच्याकडे सोपवा. तुम्ही वजन करा, त्याने आकडा लिहावा. हात धुऊन यायचं, बाहेर कुत्र्यांशी खेळून आला असेल तर कपडे बदलून यायचं, हे त्याला आता सांगावंही लागणार नाही. हात धुणं तुमच्या घरासाठीही गरजेचं आहे. पिल्लांचे गोलकृमी माणसांना, विशेषतः लहान मुलांना, होऊ शकतात. आणि एखादं पिल्लू विचित्र वागू लागलं, चावू लागलं, किंवा आईला मधल्या काळात कुणी अनोळखी जनावर चावलेलं असेल, तर रेबीजचा विचार मनातून काढू नका. लाळ जखमेला लागली तर साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे. तुमच्या पत्रात असं काही नाही, तरी हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

तुमचं स्वतःचं कुठे चुकलं? मी पत्र तीनदा वाचलं. तुम्ही वजन करत होतात. पिल्लू रडत होतं त्या रात्री तुम्ही जाग्या होतात. डॉक्टरकडे नेलंत, सांगितलेली तपासणी केलीत. चूक शोधायला निघालं की ती सापडतेच, कारण मागे वळून पाहताना प्रत्येक लहानसहान गोष्ट कारणासारखी दिसते: अंथरूण बदललं होतं, खिडकी उघडी होती, जागा हलवली होती. ‘काय झालं’ हा प्रश्न जरूर विचारत राहा, त्याच्या उत्तराने ही चार वाचू शकतात. ‘कुणामुळे झालं’ हा प्रश्न निदान ही चार महिन्याभराची होईपर्यंत बाजूला ठेवा. दोन्ही प्रश्न एकाच रात्री वागवायचं बळ कुणातच नसतं.

तुमच्या नवऱ्याशी मी पूर्ण असहमत नाही, फक्त त्यांचं म्हणणं फार लवकर आलं आहे. पिल्लू ऊब घेतंय, चोखतंय, ग्रॅम-दोन ग्रॅम का होईना वाढतंय, तोवर झटायचं. पण ऊब देऊनही अंग गरम राहत नाही, पोटात काही टिकत नाही, झटके येत आहेत, श्वासासाठी तोंड उघडं पडतंय आणि डॉक्टरांकडेही द्यायला काही उरलेलं नाही, अशी वेळ आली तर त्याला वेदना न होता जाऊ देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. तो निर्णय घेणारा माणूस निष्ठुर नसतो. कधी थांबायचं हे दोघांनी आजच, शांतपणे ठरवून ठेवा, म्हणजे रात्री तीन वाजता एकमेकांवर ओरडायची पाळी येणार नाही. आणि त्यांना रात्रीच्या पाळ्या वाटून घ्यायला सांगा. दर तासाला उठून श्वास मोजल्याने पिल्लाला काही मिळत नाही, तुमची झोप मात्र जाते, आणि झोप न झालेला माणूस थर्मामीटर चुकीचा वाचतो. दर तीन तासांनी एक फेरी पुरे, पिवळ्यासाठी दोन तासांनी. मधल्या वेळात झोपा.

आईकडेही बघा. ती खाते म्हणून सगळं ठीक आहे असं धरू नका. प्रत्येक आचळ बोटांनी दाबून बघा, एखादं गरम, घट्ट, दुखरं आहे का, दुधाचा रंग बदललाय का. योनीतून दुर्गंधी येणारा स्राव आहे का. तिचं तापमान ३९.५ च्या वर गेलं तर डॉक्टरांना कळवा. त्यांनी सांगितल्याशिवाय पिल्लांना तिच्यापासून तोडू नका, तिची ऊब आणि दूध यांना तोड नाही. ती गेलेल्या पिल्लांना शोधत कोपरे हुंगत असेल तर तिला हुंगू द्या.

घरातली माणसांची औषधं, पॅरासिटामॉल वगैरे, पिल्लांना देऊ नका. उरलेली अँटिबायोटिक्सही नाहीत, त्यातली काही वाढत्या सांध्यांना आणि दातांना अपाय करतात. फरशी पुसायला फिनेल नको. ते पिल्लांच्या कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं. साबणाने धुऊन मग ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून, पूर्ण कोरडं झाल्यावरच पिल्लं परत ठेवा.

पिल्लं ज्यांना द्यायची कबूल केलीत त्यांना आजच खरं सांगा आणि तारीख पुढे ढकला. वाचलेल्यांपैकी एखाद्याचा तोल किंवा नजर पुढे अधू राहू शकते, ते बघायला वेळ हवा. आईला पुन्हा वेत होऊ द्यायचं की नाही हे आत्ता ठरवू नका. हर्पीस निघाला तर ती आता स्वतः प्रतिपिंडं तयार करते आणि पुढच्या पिल्लांना चिकातून देते, त्यामुळे पुढचं वेत बहुधा सुखरूप पार पडतं. कारण कळलंच नाही, तर मी नसबंदीचा सल्ला देईन, आणि नाहीच करायची असेल तर आधी गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला जंतूची तपासणी तरी नक्की. तो जंतू माणसांनाही लागतो.

हे सगळं लिहून झाल्यावर तुमचा दोन ओळींचा निरोप आला. पिवळं पिल्लू ऊब दिल्यावर ३६.८ झालं, आईला लागलं, सकाळी ९ ग्रॅम वाढलं. डॉक्टरांनी नाकातला नमुना आणि आईचं रक्त पाठवलं आहे. ९ ग्रॅम म्हणजे फार नाही, तेव्हा संध्याकाळचं वजन चुकवू नका. अहवाल आला की तो मला पाठवा, आणि मुलाच्या वहीतलं ते पान सोबत जोडा, मला चौघांचे आकडे बघायचे आहेत.